निगडीचा पाला, कॉक्स-२ आणि दहा महिने

आमच्या घरामागच्या गडग्याला लागून निगडीचं झुडूप आहे. पावसाळ्यात आजीचे गुडघे आखडले की आई त्याचा पाला पाण्यात उकळते, त्यात फडकं बुडवून पिळते आणि आजीच्या गुडघ्यांवर ठेवते. हा वास मला लहानपणापासून माहीत आहे. एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला शोधप्रकल्पाचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला.

हे सगळं लिहून ठेवते आहे कारण जुलै २०२४ मध्ये मी ‘मॉलिक्युलर डॉकिंग मराठीतून’ असं शोधून शोधून थकले होते. आमच्या कॉलेजात हे आधी कुणी केलेलं नव्हतं. चुका माझ्या मलाच करून कळल्या आणि त्यातली एक चूक मला दीड महिन्याला पडली.

आधी थोडक्यात, काय करायचं होतं ते. आपल्या शरीरात सूज आली की कॉक्स-२ नावाचं विकर (एन्झाइम) प्रोस्टाग्लँडिन्स, म्हणजे सूज आणि वेदना वाढवणारी रसायनं, तयार करायला हातभार लावतं आणि दुखणं वाढतं. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणंच रोखतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. या विकराची त्रिमितीय रचना आज कुणालाही फुकट उतरवून घेता येते. वनस्पतीतल्या रेणूंची रचनाही मिळते. एक एक रेणू विकराच्या खाचेत बसवून तो किती घट्ट बसेल याचा अंदाज संगणकाकडून काढायचा, म्हणजे डॉकिंग. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विकरावर चाचणी करायची सोय नाही, किट परवडत नाही, त्यामुळे माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, ‘संगणकावर कर, पण नीट कर.’

विषयाचा अर्ज १५ जुलैला दिला. तीन प्रती, प्रत्येकीवर मार्गदर्शकांची आणि विभागप्रमुखांची सही. अर्जात ‘प्राण्यांवरील प्रयोगांची नैतिक मान्यता’ असा रकाना होता. मी तो कोरा सोडला आणि तेवढ्यासाठी अर्ज परत आला. तुमच्या अर्जात असा रकाना असेल तर ‘लागू नाही’ असं स्पष्ट लिहा आणि प्राणी किंवा मानवी नमुने वापरणार नाही असं एका ओळीचं पत्र सोबत जोडा. दुसरी अडचण शीर्षकाची. मी लिहिलं होतं, ‘निगडीच्या पानांतील सूजविरोधी औषधाचा शोध’. २ ऑगस्टच्या बैठकीत समितीतल्या सरांनी विचारलं, औषध कुठे शोधणार आहेस तू? तेव्हा वाईट वाटलं होतं. महिनाभराने, ३० ऑगस्टच्या बैठकीत ‘संगणकीय प्राथमिक तपासणी’ असे शब्द घालून विषय मंजूर झाला. आज मला वाटतं, त्या सरांनी सगळ्यात मोलाचा शब्द आधीच हातात दिला होता: प्राथमिक.

त्याच बैठकीत जैवविविधता कायद्याचा प्रश्न निघाला. २००२ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकाला केवळ संशोधनासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागत नाही, पण त्यावर पेटंट घ्यायचं म्हटलं की चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. मी तर पालाही तोडणार नव्हते. तरी ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि जिवांची नोंद, बघून आले. ग्रामसेवकांनी कपाटातून काढून दिली, एक तास बसू दिलं. तुम्ही स्थानिक झाडावर काम करत असाल तर हे जरूर करा, पैसे पडत नाहीत आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाला खरा आधार मिळतो.

रेणूंची यादी मी चेन्नईच्या गणिती विज्ञान संस्थेच्या ‘इम्पॅट’ या संग्रहातून घेतली. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत. तिथे ‘व्हायटेक्स निगुंडो’ असं शास्त्रीय नाव टाकलं की झाडाच्या कोणत्या भागात काय सापडलं ते वेगवेगळं दिसतं. मूळ, साल, बी, पान. मी पहिल्या उत्साहात सगळंच उचललं होतं. मॅडमनी विचारलं, ‘आजी मुळं उकळते का?’ मग फक्त पानांतले रेणू ठेवले, दुहेरी नोंदी काढल्या आणि ४२ उरले. त्यात कॅस्टिसिन, ल्युटिओलिन, अ‍ॅग्नुसाइड, निगुंडोसाइड, उर्सोलिक आम्ल, ओलिआनोलिक आम्ल ही नावं पुढे सतत येत राहिली.

प्रत्येक रेणूची त्रिमितीय फाईल पबकेम या रेणूंच्या ऑनलाइन संग्रहातून उतरवली. बऱ्याच रेणूंची मिळते. काही मोठ्या, साखर जोडलेल्या किंवा ज्यांची त्रिमितीय मांडणी पूर्ण नोंदलेली नाही अशांची मिळत नाही. त्यांची द्विमितीय फाईल घेऊन ओपन बॅबेल या सॉफ्टवेअरमधून त्रिमितीय करावी लागते. ते केल्यावर साखरेच्या कड्यातला हायड्रॉक्सिल खरंच योग्य बाजूला आहे का हे डोळ्यांनी तपासा. माझे दोन रेणू उलटे झाले होते.

एक अगदी छोटी गोष्ट, जिच्यात माझे दोन दिवस गेले. मी कामाच्या फोल्डरला ‘निगडी’ असं देवनागरीत नाव दिलं होतं, आणि आत ‘आजीची यादी’ असं एक. डॉकिंगची तयारी करायचं ऑटोडॉक टूल्स हे सॉफ्टवेअर उघडायचं आणि लाल अक्षरांत त्रुटी दाखवून थांबायचं. कारण शेवटी कळलं, जुन्या प्रणालीवर बांधलेलं ते सॉफ्टवेअर देवनागरी मार्ग वाचू शकत नव्हतं, आणि नावातली मोकळी जागाही त्याला चालत नव्हती. फोल्डर थेट सी ड्राइव्हवर ठेवा, नाव रोमन लिपीत आणि सलग ठेवा. मनाला लागलं, पण करावं लागलं.

विकरासाठी प्रोटीन डेटा बँकेतली ५आयकेआर ही रचना घेतली. माणसाचं कॉक्स-२, आणि त्यात आधीच मेफेनॅमिक आम्ल बसलेलं. मासिक पाळीत पोट दुखताना आपल्यापैकी कितीतरी जणी जी गोळी घेतात, त्यातलं हेच. ती गोळी आत नेमकी कुठे जाऊन बसते हे पडद्यावर फिरवून फिरवून बघताना मी बराच वेळ काहीच केलं नव्हतं, नुसती बघत होते.

आता ती चूक.

गणपती ७ सप्टेंबरला होते. सुट्टीत घरी आले तेव्हा लॅपटॉप सोबत होता. चार कोअरचा, ८ जीबीचा साधा लॅपटॉप. यूट्यूबवरच्या एका व्हिडिओत दाखवलं होतं तसं केलं: रचनेतलं पाणी काढा, औषध काढा, प्रथिन सोडून बाकी सगळं काढा. काढलं. मग शोधायच्या जागेची चौकट, म्हणजे बॉक्स. कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून सगळीकडून ५० अँगस्ट्रॉमचा (अणूंच्या पातळीवरची लांबी मोजायचं एकक) ठेवला, अख्खं प्रथिन नाही तरी बरंचसं आत यावं म्हणून. प्रत्यक्ष डॉकिंग करणारं सॉफ्टवेअर, ऑटोडॉक व्हिना, प्रत्येक वेळी सुरुवातीला एक इशारा द्यायचं की शोधायची जागा २७,००० घन अँगस्ट्रॉमपेक्षा मोठी आहे. माझी जागा होती सव्वा लाख. मी ती ओळ वाचायचे आणि पुढे जायचे.

रात्री आरत्या झाल्या की माजघरात लॅपटॉप लावायचे. आमच्याकडे पावसात लाइट जाणं नेहमीचं. सकाळी बघायचे तर सातव्या रेणूवर बंद पडलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी चुलतभावाने बॅच फाईलमध्ये, म्हणजे सगळे रेणू ओळीने चालवणाऱ्या फाईलमध्ये, एक ओळ घालून दिली: या रेणूचं उत्तर आधीच तयार असेल तर तो सोडून पुढे जा. एवढ्याने काम सुसह्य झालं. ज्यांच्याकडे विजेचा भरवसा नाही त्यांनी ही ओळ पहिल्याच दिवशी घालावी.

गौरी-गणपती विसर्जनाच्या आदल्या रात्री सगळे ४२ पूर्ण झाले. पहिला आला उर्सोलिक आम्ल, उणे १०.४ किलोकॅलरी प्रति मोल. आकडा जितका उणे तितकं बंधन घट्ट. मेफेनॅमिक आम्ल होतं उणे ८ च्या आसपास. म्हणजे आपल्या गडग्याच्या निगडीने गोळीला मागे टाकलं. मी आईला उठवून सांगितलं. आजी जागीच होती, म्हणाली, ‘काय गो बाय, औषध गावलं काय?’ मी म्हटलं, हो आजी, गावलं.

महिनाभर मी तसंच धरून चालले. त्यावर आठ पानं लिहिली. १७ ऑक्टोबरला मॅडमनी ती वाचली आणि एवढंच म्हणाल्या, ‘आकडा बघितलास, जागा बघितलीस का?’ पायमॉल या रेणू बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये विकर आणि उर्सोलिक आम्ल एकत्र उघडलं. मेफेनॅमिक आम्ल जिथे बसायला हवं तो एक लांब, अरुंद बोगदा आहे. उर्सोलिक आम्ल तिथे नव्हतंच. ते दुसऱ्याच बाजूला, एका ऐसपैस खड्ड्यात आरामात बसलं होतं. तो खड्डा हीमचा होता, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही असतो त्या लोहयुक्त घटकाचा. कॉक्स विकराच्या आत हीमची एक जागा असते आणि ती त्याच्या कामाचाच भाग आहे. ‘प्रथिन सोडून बाकी सगळं काढा’ म्हणताना मी हीमही काढून टाकलं होतं. जिवंत शरीरात जी जागा भरलेली असते ती मी मोकळी करून ठेवली, वर चौकट एवढी मोठी की तिथपर्यंत वाट खुली. मोठा रेणू साहजिकच तिथे जाऊन बसला.

त्या संध्याकाळी खोलीवर जेवले नाही. पंधरा-सोळा रेणू तिथेच बसलेले निघाले.

म्हणून हे ठळकपणे सांगते: रचनेतलं काय काढायचं ते त्या रचनेची माहिती वाचून ठरवा. पाणी आणि स्फटिक करताना वापरलेली रसायनं काढा, हीम ठेवा. आणि आकड्यांचा तक्ता करण्याआधी प्रत्येक रेणू डोळ्यांनी बघा. ४२ बघायला मला पुढे अडीच तास लागले, तेवढेच.

नोव्हेंबरपासून पहिल्यापासून सुरू केलं, आणि यावेळी जी पायरी आधी करायची असते ती आधी केली. रचनेतच असलेलं मेफेनॅमिक आम्ल बाहेर काढायचं, संगणकाला म्हणायचं तूच बसवून दाखव, आणि मग मूळ जागेशी ताडून बघायचं. याला रिडॉकिंग म्हणतात. दोन्हींतला फरक, म्हणजे आरएमएसडी, २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर पद्धतीवर विश्वास ठेवता येतो असा सर्वसाधारण दंडक आहे. माझा पहिला आला ६.१. रेणू बोगद्यात होता, पण डोकं खाली पाय वर. बऱ्याच वेदनाशामकांचा आम्लगट बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या आर्जिनिन १२० या अमिनो आम्लाकडे असतो (आकडा म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला क्रमांक), माझ्या संगणकानेही तसंच बसवलं होतं. पण या रचनेत मेफेनॅमिक आम्ल उलटं बसतं, आम्लगट वर टायरोसिन ३८५ आणि सेरिन ५३० कडे. सेरिन ५३० म्हणजे अ‍ॅस्पिरिन ज्याला कायमचं चिकटतं तेच. मग विकराची तयारी परत केली, हायड्रोजन नीट घातले, हीम जागेवर, चौकट २२ अँगस्ट्रॉमची आणि औषधाच्या मध्यावर केंद्रित, एक्झॉस्टिव्हनेस, म्हणजे शोध किती कसून करायचा तो आकडा, ८ वरून ३२. ११ डिसेंबरला दुपारी आरएमएसडी ०.९४ आला. मी तो आकडा वहीत लिहिला आणि खाली तारीख घातली. गणपतीतल्या रात्रीपेक्षा मला त्या दुपारी जास्त आनंद झाला होता.

जानेवारीत सगळे ४२ रेणू प्रत्येकी तीन वेळा चालवले. उर्सोलिक आणि ओलिआनोलिक आम्ल अरुंद बोगद्यात मावेचनात, त्यांचे आकडे चक्क धन आले. याचा अर्थ ते निरुपयोगी असा नाही. सूज कमी व्हायच्या वाटा अनेक आहेत, ५-लायपॉक्सिजनेज आहे, एनएफ-कप्पा-बी आहे. मी एकच दार ठोठावत होते. वर राहिले ल्युटिओलिन आणि कॅस्टिसिनसारखे चपटे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या रेणूंचा एक गट). पण ते मेफेनॅमिक आम्लाच्या मागे होते, आणि त्यांच्यात आपापसांत फरक अर्ध्या किलोकॅलरीचा. व्हिनाच्या अंदाजातच जवळपास तीन किलोकॅलरींपर्यंतची चूक गृहीत धरावी लागते. अशा वेळी पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांक लावण्यात अर्थ नाही, मी प्रबंधात ते लावले नाहीत. ‘हा गट पुढे तपासण्याजोगा’ एवढंच लिहिलं.

मॅडमच्या सांगण्यावरून आणखी एक केलं, आणि ते तुम्हीही करा. डीयूडी-ई नावाच्या संग्रहात कॉक्स-२ साठी फसवे रेणू मिळतात, आकाराने आणि गुणधर्मांनी खऱ्या औषधांसारखे पण काम करण्याची शक्यता नसलेले. त्यातले ५० मी माझ्या पद्धतीतून काढले. काही फसव्या रेणूंना माझ्या ल्युटिओलिनपेक्षा चांगला आकडा मिळाला. हे पान प्रबंधात घालायला मला जड गेलं. घातलं.

स्विसएडीएमई हे संकेतस्थळ फुकट आहे, स्माइल्स, म्हणजे रेणूची रचना अक्षरांत लिहिलेली ओळ, चिकटवली की रेणू गोळी म्हणून पोटातून शोषला जाईल का याचा अंदाज देतं. रेणू तोंडाने घ्यायचं औषध होण्याजोगा आहे का हे ताडायचे लिपिन्स्कीचे १९९७ चे नियम, उकडलेल्या अंड्यासारखा दिसणारा आलेख, सगळं तिथेच. अ‍ॅग्नुसाइड आणि निगुंडोसाइड साखर जोडलेली असल्याने दोन-दोन नियम मोडतात. ल्युटिओलिनवर कॅटेकॉलचा इशारा येतो, म्हणजे असे रेणू चाचणीत खोटं होकारार्थी उत्तर देऊ शकतात. कॅस्टिसिन निर्धोक सुटलं. हे सगळं फेब्रुवारीतल्या चार दिवसांत झालं.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. सॉफ्टवेअर सगळी फुकट. रॅम वाढवायला २,३०० रुपये, जादा नेट पॅकचे दहा महिन्यांत साधारण १,८००, छपाई आणि बांधणी चार प्रतींची १,४८०. गावाला येण्या-जाण्याचा एसटी खर्च अर्ध्या तिकिटामुळे कमी. चोरलेल्या मजकुराच्या तपासणीचे पैसे कॉलेजने घेतले नाहीत, पण पहिला अहवाल २३ टक्के आला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत चालतं. अमिनो आम्लांची नावं आणि पद्धतीची ठरावीक वाक्यं त्यात धरली गेली होती. हे कुणाला समजावून सांगता येईना, शेवटी पद्धतीचं प्रकरण माझ्या शब्दांत परत लिहिलं. त्यात आठ दिवस गेले, पण ते प्रकरण आता मला सगळ्यात स्वच्छ वाटतं. तुम्ही पहिल्यापासूनच तसं लिहा.

८ मे २०२५ ला तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गणपतीतल्या चुकीचं पान उघडलं, मी ते परिशिष्टात ठेवलं होतं, आणि वीस मिनिटांतली बारा त्यावरच विचारलं. मग म्हणाले, पाला बाहेरून शेकतात ना, मग हे रेणू गुडघ्यापर्यंत पोचतात कशावरून? मी म्हटलं, यातून ते कळत नाही सर. शेकाने बरं वाटतं त्यात नुसत्या उष्णतेचा वाटा किती हेही कळत नाही. ते म्हणाले, बरोबर.

त्या संध्याकाळी घरी फोन केला. आजीला सांगायचं राहिलंच होतं. म्हटलं, गणपतीत मी सांगितलं ते खरं नव्हतं आजी, औषध गावलेलं नाही, कुठे शोधायचं तेवढं थोडं कळलंय. ती म्हणाली, ‘मग शोध की. पाला हाय अजून.’

म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात घरी जाऊन पाला तोडला. कॉलेजात अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या प्रथिनावर एक साधी चाचणी करता येते, सोबत तुलनेला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक ठेवून. तीही प्राथमिकच, पण खऱ्या पाल्यावर. फुलांसकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वनस्पतीच्या ओळखीसाठी ठेवली. दोन किलो पाला माळ्यावर सावलीत पसरला, आठ दिवसांत सुकला असता. यंदा पाऊस मेमध्येच आला. २५ तारखेपर्यंत माळ्यावर ओल चढली आणि पाल्यावर पांढरी बुरशी दिसली. सगळा खताच्या खड्ड्यात टाकला. आता ऑक्टोबरचं ऊन पडलं की परत तोडेन, दाबलेली फांदी मात्र चांगली राहिली आहे.